परवानगीची एक ओळ द्या, बाकीची पानं आम्ही लिहितो

प्रति,
महाराष्ट्रातल्या सगळ्या विद्यापीठांचे मा. कुलगुरू आणि कुलसचिव, कॉलेजांचे मा. प्राचार्य, आणि उच्च शिक्षण संचालनालय, पुणे यांना

सर, मॅडम, नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित कॉलेजात तांत्रिक सहाय्यक आहे, चौदावं वर्ष चालू आहे. कागदावर माझं काम कॉम्प्युटर लॅब सांभाळायचं, पण प्रत्यक्षात लायब्ररीचा सर्व्हर, मूडल म्हणजे पोरांचे ऑनलाइन कोर्स आणि असाइनमेंट चालवायचं सॉफ्टवेअर, वायफाय, ऑफिसचं बायोमेट्रिक, सगळ्यांचे प्रिंटर, स्कॉलरशिपच्या दिवसांत पोरांचे अडकलेले फॉर्म, हे सगळंच माझ्याकडं येतं. तक्रार म्हणून सांगत नाहीये, काम मला आवडतं. पण या चौदा वर्षांत एक गोष्ट इतक्या वेळा बघितली की आता गप्प बसवत नाही म्हणून हे पत्र लिहितोय, आणि ते उघडपणे लिहितोय कारण माझ्यासारखी माणसं जवळपास प्रत्येक कॉलेजात आहेत आणि त्यांचंही म्हणणं हेच आहे.

म्हणणं थोडक्यात असं. एखादी सेवा कशी उभी करायची, कशी चालू ठेवायची, बंद पडली तर काय करायचं, हे प्रत्येक कॉलेज पहिल्यापासून शोधतं, तेच सॉफ्टवेअर, तीच अडचण, तेच उत्तर, आणि उत्तर सापडलं की ते एकाच माणसाच्या डोक्यात किंवा एकाच वहीत राहतं. ते लिहून दुसऱ्या कॉलेजाला द्यायची आमची तयारी आहे. त्यासाठी लागणारी परवानगी मात्र फक्त तुम्हीच देऊ शकता.

ऑक्टोबर २०२० आठवा. सुप्रीम कोर्टाचा २८ ऑगस्टचा निकाल आलेला, अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागणार हे पक्कं झालेलं, आणि आमच्याकडं प्रोजेक्ट आणि जर्नलचे पीडीएफ पोरांनी मूडलवर टाकायचे असं ठरलं. संध्याकाळी सहाला लिंक उघडली आणि सव्वासहाला पहिला फोन, सर फाईल जात नाही. मग दुसरा, मग एकदम वीस. एक पोरगी शेतातल्या विहिरीच्या कठड्यावर बसून फोन करत होती कारण घरात रेंज नव्हती, तिनं मोबाईलवर पंचवीस पानांचे फोटो काढून पीडीएफ केलेली, फाईल नऊ एमबीची. मूडलमध्ये मर्यादा मी वाढवलेली होती, मग अडतंय कुठं ते कळेना. रात्री अकरा वाजता कळलं की मूडल ज्या भाषेत लिहिलंय ते पीएचपी त्याच्या खाली चालतं आणि त्याची स्वतःची मर्यादा असते, एका फाईलला २ एमबी आणि पूर्ण सबमिशनला ८ एमबी, मुळात तशीच येते ती. म्हणजे आकडा पाच ठिकाणी बदलावा लागतो, पीएचपीत दोन, मूडलच्या साइट सेटिंगमध्ये एक, कोर्सला एक, असाइनमेंटला परत एक, आणि मग वेबसर्व्हर रीस्टार्ट. पाचातली एक जरी विसरली तरी पोरांना तोच एरर दिसतो.

दोन आठवड्यांनी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका मित्राशी बोलणं झालं, त्यानंही तशीच एक रात्र काढलेली, त्याच पाच जागांपायी. मग अजून एक जण भेटला, त्यानंही. त्या महिन्यात किती कॉलेजांत किती जण रात्री जागले असतील ते मोजायला कोणी नव्हतं, पण विहिरीच्या कठड्यावर बसलेली पोरगी प्रत्येक ठिकाणी कोणीतरी होतीच. आणि ते उत्तर अर्ध्या पानाचं आहे हो. अर्धं पान!

आता लायब्ररीचं सांगतो, कारण हे पत्र खरं तर तिथूनच सुरू झालं. आम्ही कोहा नावाचं लायब्ररीचं सॉफ्टवेअर बसवलं, फुकट आहे, चांगलं आहे, जगभर चालतं. सगळी पुस्तकं चढवली, उद्घाटन झालं, आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल मॅडमनी शोधायच्या चौकटीत देवनागरीत 'शेती' टाइप केलं. शून्य पुस्तकं. कपाटात शेतीची दीडशे पुस्तकं समोर दिसतायत आणि स्क्रीन म्हणतोय एकही नाही. मॅडम काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त जुनं रजिस्टर परत टेबलावर काढून ठेवलं, ते मला जास्त लागलं.

मला चार दिवस लागले. कारण असं की कोहाच्या आत शोधाचं काम झेब्रा नावाचं वेगळं इंजिन करतं, आणि ते अक्षरं ओळखायला जी यादी वापरतं त्या यादीत रोमन अक्षरं नीट बसतात, देवनागरी बसत नाही. तिथं आयसीयू नावाची दुसरी पद्धत चालू करावी लागते, म्हणजे डिफॉल्ट आयडीएक्स नावाच्या फाईलमध्ये कॅरमॅपच्या ओळी बंद करून आयसीयू चेनच्या ओळी टाकायच्या आणि मग सगळा इंडेक्स पहिल्यापासून परत बांधायचा. बस, एवढंच. पुढं आणखी एक कळलं की आमच्या जुन्या डेटातली काही शीर्षकं युनिकोडच्या आधीच्या फाँटात टाइप केलेली होती, ती दिसायला मराठी पण मशीनच्या दृष्टीनं इंग्रजी अक्षरांचा कचरा, ती कन्व्हर्टरमधून काढून, ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हातानं तपासून परत चढवावी लागली. मराठी पुस्तकं असलेल्या प्रत्येक लायब्ररीला यातलं काही ना काही भोगावं लागतंच.

दोन वर्षांनी दुसऱ्या कॉलेजच्या ग्रंथपाल ताईंचा फोन आला, तोच प्रश्न. वीस मिनिटांत फोनवरच सोडवला. मग तिसरा फोन, मग चौथा. पाचव्या फोननंतर मी ठरवलं की लिहूनच काढू, आणि सहा पानांची नोट तयार केली, मराठीत, प्रत्येक पायरीला स्क्रीनशॉट लावून, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिली.

एका वर्षानं ती नोट माझ्याकडंच परत आली. कोणीतरी मला पाठवली, सर हे बघा तुमच्या कामाचं आहे म्हणून. त्यात कुठल्या कॉलेजची नोट ते नव्हतं, तारीख नव्हती, कोहाच्या कुठल्या व्हर्जनला चालते ते नव्हतं, आणि तोपर्यंत त्यातली एक पायरी जुनी झालेली, नव्या व्हर्जनला ती तशी केली तर शोध पूर्ण बंद पडायचा. एका ठिकाणी तसं झालंही, तिथल्या माणसानं माझ्या नोटवर विश्वास ठेवला आणि त्याची लायब्ररी दोन दिवस बंद राहिली. आणि त्याहून वाईट म्हणजे चौथ्या पानावरच्या स्क्रीनशॉटमध्ये आमच्या डेटाबेसचा पासवर्ड दिसत होता. वर्षभर तो किती फोनमध्ये फिरला देव जाणे. त्याच रात्री बदलला.

ती चूक माझी होती आणि मी ती मान्य करतो. पण ती का झाली याचा मी खूप विचार केला. घाईत, चोरून, कोणाला न विचारता पाठवलेल्या नोटचं असंच होणार. त्यावर कोणाचं नाव नसतं म्हणून ती कोणी सुधारत नाही, तिला ठिकाण नसतं म्हणून ती बदलली तरी जुनी प्रत फिरत राहते, आणि ती देणाऱ्याला मनातून भीती असते की आपण कॉलेजची गोष्ट बाहेर दिली की काय. ज्ञान वाटलं जातंच, ते कोणी थांबवू शकत नाही. ते नीट, तपासून, तारीख घालून वाटायचं की असं गळतीनं वाटायचं, एवढंच आपल्या हातात आहे.

काही जणांना वाटेल की मॅन्युअल तर सगळ्यांची नेटवर असतातच. असतात. मूडलचं आहे, कोहाचं आहे, उत्तम आहेत. पण सॉफ्टवेअरचं मॅन्युअल हे बटण काय करतं ते सांगतं, आमच्यासारख्या कॉलेजात हीच सेवा कशी चालवायची ते सांगत नाही. जून महिन्यात नवे विद्यार्थी एकदम चढवायचे तर प्रवेशाच्या एक्सेलमधून कुठले रकाने घ्यायचे, एकाच आडनावाची आणि एकाच नावाची तीन पोरं असली तर युजरनेम काय द्यायचं, रिटायर झालेल्या सरांचं खातं कधी आणि कोणाच्या सहीनं बंद करायचं, परीक्षेच्या आदल्या दिवशी काय काय तपासायचं, लाईट गेली आणि यूपीएसही बसला तर कुठली मशीन आधी चालू करायची. आणि बॅकअप! कोहा रोज बॅकअप घेतं म्हणून लोक निर्धास्त असतात, पण मुळात ते फक्त शेवटच्या दोन दिवसांचे ठेवतं आणि तेही त्याच मशीनवर, डिस्क गेली की पुस्तकंही गेली आणि बॅकअपही गेला. तो बाहेर कसा न्यायचा, आणि न्यायचा म्हणजे झालं असं नाही, तो परत चढवून कसा बघायचा, हे ज्यानं एकदा केलंय त्यानं लिहिलेलं पान दुसऱ्याच्या हातात पडायला हवं. मी दर सहा महिन्यांनी एका जुन्या पीसीवर आमचा बॅकअप चढवून बघतो. पहिल्यांदा केलं तेव्हा तो चढला नव्हता. तोपर्यंत तीन वर्षं मी रोज बॅकअप घेतोय असंच समजत होतो.

देशभरातल्या उच्च शिक्षणाची जी सरकारी पाहणी होते तिच्यात महाराष्ट्रातली कॉलेजं साडेचार हजारांच्या वर आहेत, उत्तर प्रदेशच्या खालोखाल. यातल्या किती ठिकाणी पूर्णवेळ सिस्टिम अ‍ॅडमिन आहे? तुम्ही सगळे जाणता. बहुतेक ठिकाणी एक लॅब असिस्टंट, नाहीतर बीसीएचे एखादे सर, नाहीतर अकरा महिन्यांच्या ऑर्डरवरचा एखादा पोरगा. तो पोरगा हुशार असतो, दोन वर्षांत सगळं शिकतो, आणि मग त्याला पुण्यात नोकरी लागते. लागावीच. पण तो गेला की त्याच्याबरोबर सर्व्हरची सगळी माहिती जाते आणि नवा आलेला पहिल्या दिवसापासून अंधारात चाचपडतो. मी अशी कॉलेजं बघितलीत जिथं सर्व्हर चालू आहे पण त्याला हात लावायची कोणाची छाती नाही, कारण बंद केला तर परत कसा चालू करायचा ते माहीत असलेला माणूस गावातच नाही.

आता मूळ मुद्दा, हे पत्र तुम्हालाच का.

नोटचं ते प्रकरण झाल्यावर मी ठरवलं की आता नीट करू, वर तारीख, व्हर्जन आणि एक खुलं लायसन्स घालू, म्हणजे कोणीही वापरावं, बदलावं, पुढं द्यावं. लायसन्सची ओळ लिहायला बसलो आणि आमच्याच कॉलेजातल्या लॉ शिकवणाऱ्या सरांनी थांबवलं. म्हणाले, हे तू देऊ शकत नाहीस. १९५७ चा कॉपीराइट कायदा, कलम १७, नोकरीत असताना नोकरीचं काम म्हणून जे लिहिलं त्याचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा. म्हणजे मी रात्री जागून लिहिलेली ती पानं कायद्यानं कॉलेजची. ती वाटायची परवानगी मी देऊ शकत नाही, माझे विभागप्रमुखही नाही. संस्था देऊ शकते. आणि आपल्याकडं कुठल्याही संस्थेनं याबद्दल एक ओळही लिहून दिल्याचं माझ्या बघण्यात नाही, मग जो नियमानं चालतो तो वाटत नाही आणि जो वाटतो तो नियम मोडून वाटतो.

व्हेंडरच्या बाबतीत तर उलटंच. बाहेरच्या कंपनीकडून काम करून घेतलं की त्यांनी लिहिलेल्या मॅन्युअलचे हक्क आपण पैसे दिले म्हणून आपोआप आपले होत नाहीत, लेखी करारात तसं घालावं लागतं. आम्ही एकदा एक सिस्टिम घेतली होती, तिचं मॅन्युअल आलं, प्रत्येक पानाच्या तळाशी 'गोपनीय'. पुढच्या वर्षी कंपनीचा सपोर्ट संपला आणि शेजारच्या कॉलेजनं तीच सिस्टिम घेतलेली असूनही मी त्यांना ते मॅन्युअल दाखवू शकत नव्हतो, ते मला दाखवू शकत नव्हते. दोन्ही कॉलेजांनी त्याच कागदांचे वेगवेगळे पैसे मोजलेले. कुलसचिव साहेब, टेंडरच्या अटींमध्ये एक वाक्य घाला की या कामात तयार होणारं सगळं डॉक्युमेंटेशन संस्थेच्या मालकीचं राहील आणि संस्थेला ते इतर शिक्षणसंस्थांना देता येईल. हे नंतर भांडून मिळत नाही, आधी लिहिलं तरच मिळतं.

सिक्युरिटीचं काय, हा प्रश्न मला प्रत्येक मीटिंगमध्ये विचारला गेला आणि तो बरोबर आहे. माझा पासवर्ड गेला होता, मला त्याची किंमत कळते. पण त्याचं उत्तर कुलूप लावणं हे नाहीये, कारण कुलपाआडूनच तो गेला. उत्तर असं की लिहितानाच दोन भाग करायचे. एक सामायिक भाग, ज्यात फक्त पद्धत असते, आणि जिथं आपल्या मशीनचं नाव, आयपी, युजर, पासवर्ड, माणसाचा फोन नंबर येणार तिथं चौकटीत नुसतं नाव लिहायचं, 'इथं सर्व्हरचा पत्ता', 'इथं डेटाबेसचं नाव'. आणि दुसरं स्थानिक पान, त्या चौकटींची खरी उत्तरं असलेलं, ते कॉलेजच्या तिजोरीत, प्राचार्यांकडं एक प्रत. सामायिक भाग जगाला दिला तरी काही बिघडत नाही. स्थानिक पान कोणालाच द्यायचं नाही. मी माझी जुनी सहा पानं अशी फोडली तेव्हा स्थानिक पान फक्त अकरा ओळींचं निघालं. म्हणजे ज्या भीतीपायी आपण सगळंच दडवून ठेवतो ती सगळी भीती अकरा ओळींत मावते.

सामायिक भागाच्या डोक्यावर पाच गोष्टी हव्यात: कुठलं सॉफ्टवेअर आणि कुठलं व्हर्जन, खाली कुठली ऑपरेटिंग सिस्टिम, शेवटचं कधी तपासलं, कुठल्या संस्थेत कुठल्या पदावरच्या माणसानं तपासलं, आणि लायसन्स. आणि तळाला एक रिकामी जागा, जिथं दुसऱ्या कॉलेजनं लिहायचं की आमच्याकडं चाललं, किंवा या पायरीला अडलं आणि आम्ही असं केलं. माझ्या अनुभवात ही तळाची जागा सगळ्यात महत्त्वाची. लिहिणाऱ्याला स्वतःच्या चुका दिसत नाहीत, त्याच्या मशीनवर सगळं आधीच बसवलेलं असतं. दुसऱ्यानं कोऱ्या मशीनवर करून बघितलं की पहिल्या दहा मिनिटांत तीन चुका निघतात. म्हणून माझं म्हणणं आहे की दुसऱ्या एका संस्थेनं करून बघितल्याशिवाय कुठल्याही पानावर 'तपासलेलं' असा शिक्का नको.

ठेवायचं कुठं हाही प्रश्न येईल. काही विद्यापीठांत प्रबंध साठवायला डीस्पेस नावाचं सॉफ्टवेअर चालू आहे, त्यात टाकू असं एका सरांनी सुचवलं, पण मला ते पटलं नाही. प्रबंध एकदा लिहून झाला की झाला, ही पानं दर व्हर्जनला बदलणार, मागच्या महिन्यात काय होतं आणि कोणी बदललं ते दिसायला हवं, त्यासाठी साधी विकी बरी, म्हणजे सगळ्यांना लिहिता-बदलता येणारी वेबसाइट. एका विद्यापीठानं सर्व्हर द्यावा आणि बाकीच्यांनी त्यावर लिहावं. खर्च फार नाही, नॅशनल नॉलेज नेटवर्क या सरकारी वेगवान नेटवर्कची लाईन विद्यापीठांकडं आहेच.

हे नवीन काही मागत नाहीये मी, आपण ज्यावर उभे आहोत ते सगळं याच पद्धतीनं झालंय. कोहा न्यूझीलंडच्या एका छोट्या भागातल्या लायब्ररीसाठी १९९९ मध्ये लिहिलं गेलं, त्यांचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल ओलांडेल की नाही ही धास्ती होती म्हणून, आणि काम झाल्यावर त्यांनी ते कपाटात ठेवलं नाही, जगाला देऊन टाकलं. कोहा हा माओरी शब्द, अर्थ भेट, म्हणजे एकानं दिली की दुसऱ्यानंही कधीतरी द्यावी अशी अपेक्षा असलेली भेट. आपण ती घेतली, वर्षानुवर्षं वापरतोय. देवनागरीचा शोध कसा चालू करायचा एवढं जरी आपण नीट लिहून परत दिलं तरी मराठी, हिंदी, नेपाळी, कोकणी सगळ्या लायब्ऱ्यांना ते लागणार आहे, आणि ते आपण नाही लिहिलं तर न्यूझीलंडमधला माणूस लिहिणार आहे का? मूडलही ऑस्ट्रेलियात पर्थला एका विद्यापीठात काम करणाऱ्या माणसानं सुरू केलं, मार्टिन डुजियामस, २००२ ला पहिलं व्हर्जन आलं.

वायफायचं उदाहरण तर मला फारच आवडतं. एड्युरोम माहीत असेल, आपल्या विद्यापीठाचं लॉगिन घेऊन दुसऱ्या विद्यापीठात गेलं तरी वायफाय आपोआप जोडतं, भारतात ते अर्नेट ही सरकारी संस्था बघते. सुरुवातीला प्रत्येक संस्था पोरांसाठी आपापलं पत्रक काढायची, अँड्रॉइडला असं करा, विंडोजला तसं करा, आणि त्यात सर्टिफिकेटची, म्हणजे समोरचा सर्व्हर खरा आहे का ते तपासायची, पायरी अवघड म्हणून बऱ्याच ठिकाणी 'तपासू नका' वर क्लिक करा असंच लिहिलेलं असायचं, जे धोक्याचं आहे, कारण मग कोणीही खोटं एड्युरोम उभं करून पासवर्ड गोळा करू शकतं. मग एड्युरोमवाल्यांनीच कॅट नावाचं एक साधन केलं, पद्धत एकच, सगळ्यांसाठी, संस्थेनं फक्त स्वतःचं नाव, डोमेन आणि सर्टिफिकेट भरायचं, की पोरांसाठी तयार इन्स्टॉलर मिळतो. सामायिक भाग वेगळा, स्थानिक भाग वेगळा. मी जे सहा पानांबद्दल म्हणतोय तेच, जगभरच्या संस्थांसाठी करून दाखवलेलं.

आणि घरचंच सांगायचं तर इन्फ्लिबनेट, ज्याच्यावर आज देशातल्या लायब्ऱ्यांचं एवढं चालतं, कॉलेजांना ई-जर्नल देणारं एनलिस्ट काय, प्रबंधांचं शोधगंगा काय, ते आज गांधीनगरला आहे पण १९९१ मध्ये सुरू झालं ते पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्राच्या अंतर्गत एक प्रकल्प म्हणून. सगळ्या विद्यापीठांच्या लायब्ऱ्या एकमेकींना जोडायच्या हा विचार आपल्याकडं वाढलेला आहे. आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल घ्या, दहा-दहा मिनिटांचे धडे, मराठीतसुद्धा, क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या लायसन्सखाली. आमच्या लॅबमधली पोरं त्यावर लिनक्स शिकलीत, मी स्वतः शिकलोय. एक संस्था सार्वजनिक पैशातनं शिकवायचं साहित्य खुलं करू शकते तर सेवा चालवायचं साहित्य का नाही?

मराठीबद्दल एक विनंती वेगळी करतो. ही पानं मराठीत होऊ द्या, पण आम्ही बोलतो त्या मराठीत. रात्री अकराला सर्व्हर बंद पडलेला असताना 'परवलीचा शब्द पुनःस्थापित करा' वाचून कोणाला काही कळत नाही, 'पासवर्ड रीसेट करा' कळतं. कमांड आणि बटणांची नावं स्क्रीनवर जशी दिसतात तशीच ठेवायची आणि आजूबाजूचं समजावणं मराठीत करायचं. माझी ती नोट एवढी फिरली त्याचं कारण मला लोकांनी सांगितलं, सर मराठीत होती म्हणून पहिल्यांदा नीट कळली. लॅब असिस्टंट पोरं इंग्रजी वाचू शकत नाहीत असं नाही, पण इंग्रजीत अडखळत वाचताना कमांड चुकवायची भीती वाटते, आणि भीती वाटली की माणूस व्हेंडरला फोन लावतो, एका फोनचे पैसे कॉलेज देतं.

प्राचार्यांना एक सांगायचंय. हे लिहायला वेळ लागतो. चांगलं एक पान, स्क्रीनशॉट लावून, कोऱ्या मशीनवर तपासून, माझा पूर्ण दिवस घेतं. तो दिवस आज कुठल्याही हजेरीत, कुठल्याही कामाच्या यादीत बसत नाही, म्हणून तो घरचा रविवार असतो. महिन्यातून दोन दिवस हे काम म्हणून ऑर्डरमध्ये लिहून द्या. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या आत्तापर्यंतच्या फॉर्ममध्ये चौथ्या निकषात आयटीच्या सोयी विचारतात, सातव्या निकषात दोन बेस्ट प्रॅक्टिस लिहायला सांगतात. प्रत्येक कॉलेज तिथं काय लिहावं म्हणून डोकं खाजवत असतं. 'आमच्या कॉलेजनं लिहिलेली अमुक पानं इतर कॉलेजांत वापरली जातात' हे तिथं लिहा, पुरावाही आपोआप मिळेल, तळाच्या त्या जागेत दुसऱ्या कॉलेजांनीच लिहिलेला असेल.

आमच्या भागात अजून सावड आहे. एकाचा एक बैल, दुसऱ्याचा एक, मिळून औत, आज तुझ्या रानात उद्या माझ्या. कुठं याला पैरा म्हणतात. माझे वडील सावडीनंच शेती करायचे, आमच्याकडं कधीच बैलजोडी नव्हती, एकच बैल, आणि तरी पेरणी कधी चुकली नाही. ते मला आजकाल सारखं आठवतं, कारण आमच्या प्रत्येक कॉलेजकडं एकेकच बैल आहे. कोणाला कोहा येतं, कोणाला नेटवर्क, कोणाला मूडल, सगळं येणारा एकही नाही, आणि पाऊस सगळ्यांकडं एकाच वेळी येतो, जूनमध्ये अ‍ॅडमिशन आणि ऑक्टोबरात परीक्षा.

मोठ्या विद्यापीठांच्या संगणक केंद्रांना माझी वेगळी विनंती की तुम्ही आधी सुरुवात करा. तुमच्याकडं माणसं आहेत, आणि तुमच्याकडं आधीच लिहिलेलंही आहे, मला माहिती आहे, कारण तुमच्यातले काही जण फोनवर मला त्यातलं वाचून दाखवतात आणि मी इकडं लिहून घेतो. दरवेळी शेवटी म्हणतात, पाठवता येत नाही रे, परवानगी नाही. ती माणसं चांगली आहेत, मदत करायची त्यांची इच्छा आहे, त्यांना फोनवरून कमांडचं एकेक अक्षर वाचून दाखवायला लावू नका. परवा असंच एका ठिकाणी डॅश एक होता की दोन यात माझी वीस मिनिटं गेली.

मागणी लिहून देतो म्हणजे गोंधळ नको. विद्यापीठानं एक परिपत्रक काढावं की संस्थेत चालणाऱ्या तांत्रिक सेवांची, स्थानिक माहिती वगळलेली कार्यपद्धती, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या लायसन्सखाली इतर शिक्षणसंस्थांना देण्यास कर्मचाऱ्यांना परवानगी आहे, विभागप्रमुखांनी एकदा वाचून सही केली की पुरे. संलग्न कॉलेजांनी तोच मजकूर आपल्या व्यवस्थापनाकडून मंजूर करून घ्यावा. संचालनालयानं टेंडरची ती अट सगळ्यांना नमुना म्हणून पाठवावी. एवढंच.

माझी ती सहा पानं आता चौदा झालीत. देवनागरी शोध, जुन्या फाँटातला डेटा, आणि बॅकअप बाहेर नेऊन परत चढवायची पद्धत, सगळं नव्या व्हर्जनवर, कोऱ्या मशीनवर तपासलेलं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या त्या ग्रंथपाल ताई आमच्याकडं येऊन माझ्यासमोर करून बघून गेल्या, त्यांना सातव्या पानावर दोन चुका सापडल्या, त्या दुरुस्त केल्यात. पहिल्या पानावर पाचातल्या चार गोष्टी भरलेल्या आहेत. लायसन्सची ओळ रिकामी आहे. त्या ओळीसाठीचा अर्ज मी प्राचार्यांकडं मागच्या सोमवारी दिलाय, आवक क्रमांक घेतलाय, आणि प्राचार्य म्हणालेत की विद्यापीठाचं काही पत्र असेल तर मला सही करायला सोपं जाईल.

त्या पत्राची वाट बघतोय.

आपला,
मराठवाड्यातल्या एका कॉलेजचा तांत्रिक सहाय्यक